तेलाची काडी

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, गुजरातच्या सीमेला भिडलेला सुरगाणा हा तालुका आहे. १९४८ पर्यंत हे एक लहानसे संस्थान होते. सह्याद्रीच्या डोंगररांगांनी व्यापलेल्या या प्रदेशात कोकणा, वारली, महादेव कोळी इत्यादी समाजांची वस्ती असून भात, नागली व वरई ही येथील जुनी पिके होत. अलीकडच्या काळात त्यांत स्ट्रॉबेरीची भर पडली आहे. बोरगाव आणि हातगड या बाजूच्या उतारांवर हिवाळ्यात स्ट्रॉबेरीचे मळे बहरतात. तोडलेली फळे लहान लहान डब्यांत भरली जातात आणि कोणी वणीमार्गे नाशिकला, तर कोणी सापुतारा ओलांडून सुरतेला ती घेऊन जातो. हे फळ मोठे नाजूक. नागलीचे पोते चार दिवस ओटीवर पडून राहिले तरी त्याचे काही बिघडत नाही. स्ट्रॉबेरी मात्र एका दिवसाच्या खोळंब्याने मऊ पडते आणि तिला कोणी विचारीत नाही.

हा माल वाहणारे वाहन म्हणजे पिकअप. पुढे चालकाची खोली, मागे उघडा हौदा आणि हौद्याखाली जाड पोलादी पाटे, अशी तिची साधी रचना असते. खताची पोती, सिमेंट, शेळ्या, मांडवाचे सामान, शाळेची बाके, सर्व काही तिच्यातून पाड्यापाड्यांवर पोहोचते; अडीअडचणीला आजारी माणसालाही दवाखाना गाठून देणारी तीच असते. अशी गाडी बहुधा कर्ज काढून घेतलेली असते, व तिच्या फेऱ्यांवरच घरखर्च आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भागवावे लागतात. तिचे इंजीन भर हंगामात घाटात जाम झाले, तर त्या दिवसाचा माल तर जातोच. परंतु इंजीन उघडून नवे भाग बसविण्याचा खर्च पुढच्या कित्येक महिन्यांची मिळकत गिळून टाकतो. आश्चर्य असे की, पुष्कळ वेळा या अनर्थाचे मूळ लिटर-दोन लिटर तेलाच्या तुटीत असते, आणि ती तूट ओळखण्याचे साधन गाडीतच, दोन हातांच्या अंतरावर, उभे असते. ते साधन म्हणजे तेलाची काडी. गॅरेजमध्ये तिला डिपस्टिक म्हणतात.

काडीचे महत्त्व कळण्यासाठी आधी तेलाचे काम समजून घेतले पाहिजे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. वंगण संपले की चाक कुरकुरू लागते आणि बैलांना ओझे जड होते. परंतु बैलगाडीचे चाक मिनिटास फार तर पंधरा-वीस फेरे घेत असेल. पिकअपचे इंजीन चढावर मिनिटास तीन हजार फेरे घेते, म्हणजे सेकंदास पन्नास. तेवढ्या वेळात प्रत्येक दट्ट्या, ज्याला पिस्टन म्हणतात तो, पन्नास वेळा खाली-वर होतो. त्याच्या डोक्यावर जळणाऱ्या वायूची उष्णता क्षणमात्र दीड हजार अंशांच्याही वर जाते आणि त्या स्फोटाचा सारा धक्का खालच्या वाकड्या दांड्यावर, म्हणजे क्रँकवर, येऊन आदळतो. क्रँक ज्या बेअरिंगांत फिरतो, त्यांत आणि क्रँकमध्ये फट असते ती मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी. त्या फटीत तेल असते. पोलादाला पोलाद लागू न देणारी वस्तू ती एवढीच.

इतक्या पातळ थरावर एवढा भार कसा तोलला जातो, याचा उलगडा प्रथम इंग्लंडमध्ये झाला, आणि तोही काहीसा अपघातानेच. बीचम टॉवर नावाचा अभियंता आगगाडीच्या आसांना तेल कसे द्यावे यावर प्रयोग करीत होता. त्याने बेअरिंगला वरच्या बाजूने एक भोक पाडले. हेतू हा की, त्यातून तेल आत सोडावे. पण आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून बाहेर येऊ लागले. त्याने भोकात बूच बसविले. तेलाने ते ढकलून दिले. लाकडी खुंटी ठोकली, तीही उडाली. शेवटी त्याने तेथे दाबमापक जोडला, तेव्हा तेलाचा दाब बेअरिंगवरील सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक असल्याचे दिसून आले. ही गोष्ट १८८३ सालची. पुढे १८८६ मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकाने गणिताच्या साहाय्याने तिची उपपत्ती मांडली: फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर निमुळत्या फटीत ओढून नेतो, तेथे कोंडलेल्या तेलात दाब निर्माण होतो, आणि त्या दाबावर आस अक्षरशः तरंगतो. मोटारीच्या इंजिनातही हेच घडते. चालू इंजिनातील क्रँक धातूवर टेकलेला नसतो. केसाच्या जाडीच्या काही अंशांनी भरेल अशा तेलाच्या पापुद्र्यावर तो तरंगत असतो. तेल पुरेसे येत आहे तोवर हा चमत्कार चालू राहतो. ते क्षणभर खंडले की धातूला धातू घासते, तापते, वितळते आणि चिकटते. कारागीर यालाच ‘इंजीन सीझ झाले’ असे म्हणतात.

तेलाची इतर कामेही थोडीथोडकी नाहीत. पिस्टनची उष्णता वाहून नेणे, काजळी व धातूचा कीस धुऊन काढणे, पिस्टनभोवतीच्या रिंगांची फट बुजविणे, गंज न चढू देणे, ही सर्व त्याच्याकडेच असतात. हे तेल इंजिनाच्या तळाशी असलेल्या परातीसारख्या खोलगट भागात साठते. त्याला सम्प किंवा गॅरेजच्या बोलीत चेंबर म्हणतात. चेंबरच्या तळाजवळ एक नळी बुडालेली असते. पंप तिच्यातून तेल शोषून वर सर्व भागांना पोहोचवितो, आणि काम करून ते पुन्हा ठिबकत, ओघळत चेंबरमध्ये उतरते. चेंबर झाकलेले असल्यामुळे आतील तेल डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बाहेरून एका अरुंद नळीत पोलादाची लवचिक पट्टी सोडलेली असते. तिच्या वरच्या टोकास बोट अडकविण्यासाठी कडी असते. खालच्या टोकास दोन खुणा. वरची खूण भरल्या तेलाची, खालची किमान तेलाची. विहिरीचे पाणी किती आहे हे पाहण्यासाठी आत दोर सोडतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त येथे चार बोटांचा हिशेब असतो.

चार बोटांचा हिशेब असल्यामुळेच तो काळजीने करावा लागतो. उतावीळ चालक काडी ओढतो, तिला तेल लागलेले दिसते, ‘आहे तेल’ म्हणून ती पुन्हा खोचतो आणि गाडी सुरू करतो. अशा पाहण्याला तपासणी म्हणता येत नाही. गाडी धावत असताना तेल उडून काडीवर आणि तिच्या नळीवर सर्वत्र माखलेले असते. त्यामुळे पहिल्या खेपेस काढलेली काडी बहुधा वरपर्यंत ओली निघते. ती आधी स्वच्छ पुसावी, आणि फडके असे घ्यावे की त्याचे दोरे सुटून काडीला चिकटणार नाहीत. मग काडी नळीत पूर्ण, कडी टेकेपर्यंत, आत घालावी, क्षणभर थांबावे आणि बाहेर काढून टोक खाली ठेवूनच वाचावी. टोक वर केले तर तेल पट्टीवरून उलट दिशेने ओघळते आणि पातळी आहे त्यापेक्षा अधिक दिसते. पट्टीच्या दोन बाजूंवर ओलाव्याची रेषा वेगवेगळ्या ठिकाणी दिसली, तर पुन्हा पुसून पुन्हा पाहावे. तरीही फरक राहिला तर खालची रेषा खरी मानणे शहाणपणाचे.

इंजीन बंद केल्याबरोबर पाहणेही चुकीचे होय. तेव्हा पुष्कळसे तेल वरच्या भागांत अडकलेले असते आणि काडी प्रत्यक्षापेक्षा कमी दाखविते. पाच-दहा मिनिटांनी ते खाली उतरते. किती वेळ थांबावे, इंजीन गरम असावे की थंड, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच प्रमाण मानावे. कारण ऊब लागली की तेलही फुगते. सहा लिटर तेल सत्तर अंशांनी तापले, तर त्याचे आकारमान सुमारे पाव लिटरने वाढते. आज पहाटे थंड इंजिनावर आणि उद्या दुपारी तापलेल्या इंजिनावर पाहिले, तर दोन्ही वाचने खरी असूनही त्यांची तुलना मात्र खोटी ठरते. पहाटे, गाडी सुरू करण्यापूर्वी, रोज एकाच वेळी पाहण्याची सवय म्हणूनच चांगली.

सुरगाण्यासारख्या डोंगराळ मुलखात सर्वांत मोठी अडचण आहे ती जमिनीची. तेल हा द्रव आहे, आणि द्रवाचा पृष्ठभाग आपल्या भांड्याच्या तळाकडे न पाहता नेहमी क्षितिजाला समांतर राहतो. एखाद्या विद्यार्थ्याने परातीत दोन बोटे पाणी घेऊन परातीच्या एका कडेखाली वही सरकवावी. पाणी तेवढेच आहे. पण एका काठाशी ते वर चढलेले दिसेल आणि दुसऱ्या काठाशी तळ उघडा पडू लागेल. पिकअपचे चेंबर ही अशीच एक परात आहे, आणि काडी तिच्यात एकाच ठिकाणी बुडते. चेंबर चाळीस सेंटिमीटर लांब आहे आणि गाडी दहास एक अशा उतारावर उभी आहे असे समजा. मग चेंबरच्या पुढच्या व मागच्या टोकांशी तेलाच्या खोलीत चार सेंटिमीटरांचा फरक पडेल. काडी एका टोकाजवळ असेल, तर ती खऱ्या पातळीपेक्षा जवळजवळ दोन सेंटिमीटर अधिक किंवा उणे दाखवील. काडीवरील दोन खुणांमधले अंतरही अनेक गाड्यांत साधारण एवढेच असते. म्हणजे चेंबर भरलेले असून रिकामे दिसेल. किंवा, आणि हे अधिक घातक, रिकामे असून भरलेले दिसेल. दहास एक हा उतार पाड्यांवरील रस्त्यांना काही विशेष नाही. घरापुढच्या अंगणांतही तो आढळतो.

तेव्हा सपाट जागा शोधणे हे तपासणीचे पहिले काम ठरते. शाळेचे पटांगण, बाजारपेठेतला फरसबंद भाग, पेट्रोल पंपाचे आवार अशी एखादी जागा ठरवून घ्यावी आणि दर वेळी तेथेच, त्याच दिशेला तोंड करून गाडी उभी करावी. जागा सपाट आहे की नाही याची शंका असल्यास गाडीचे तोंड उलट दिशेस फिरवून पुन्हा पाहावे. दोन्ही वेळा काडी सारखीच बोलली तर जागा भरवशाची आहे.

येथे आणखी एक बारकावा आहे. जमीन सपाट असली तरी भरलेली पिकअप सपाट नसते. हौद्यात माल चढला की मागचे पाटे दबतात, मागील बाजू आठ-दहा सेंटिमीटर खाली बसते आणि गाडीचे नाक वर होते. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर धरले, तर हा सुमारे तीसास एक असा चढ झाला. मघाच्या हिशेबाने काडीवर त्याचा फरक सहा-सात मिलिमीटर पडेल. दोन खुणांमधल्या अंतराच्या सुमारे एक तृतीयांश चूक होण्यास तेवढा पुरे. सबब तेल पाहावयाचे ते माल भरण्यापूर्वी.

परात कलंडते ही गोष्ट गाडी उभी असतानाच तेवढी महत्त्वाची असते असे नाही. घाट चढताना चेंबरमधील तेल मागे सरते, तीव्र वळणावर ते एका बाजूस जाते. पातळी पुरेशी असेल तर पंपाची नळी तरीही तेलात बुडालेली राहते. पातळी किमान खुणेच्याही खाली गेली असेल, तर त्या क्षणी नळीचे तोंड उघडे पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो. सपाट रस्त्यावर महिनाभर न कुरकुरलेले इंजीन घाटातच का जाम होते, त्याचे एक कारण हे आहे. तेथे भार सर्वांत अधिक असतो, उष्णता सर्वांत अधिक असते, आणि नेमके तेव्हाच तेल दूर सरकलेले असते.

चालकापुढे तेलाच्या झारीच्या आकाराचा एक लाल दिवा असतो. किल्ली फिरविताच तो लागतो आणि इंजीन सुरू झाले की विझतो. तो विझला म्हणजे तेल भरपूर आहे अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक तो दिवा तेलाचा साठा मोजीत नाही. तो फक्त दाब पाहतो. चेंबरमध्ये निम्मे तेल उरले तरी नळी बुडालेली असेपर्यंत दाब टिकतो आणि दिवा शांत असतो. तो लागतो तेव्हा बेअरिंगांपर्यंत तेल पोहोचणे आधीच थांबलेले असते. चढावर तो नुसता लुकलुकला तरी गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजीन तत्काळ बंद करावे. ‘एवढे वळण चढून जाऊ’ हा विचार फार महाग पडतो.

तेल किमान खुणेजवळ आले असेल तर भर घालावी लागते. दोन खुणांमधला हिशेब गाडीगणिक निराळा असला, तरी बहुधा तो एक-दीड लिटरचा असतो. स्वच्छ नरसाळ्याने थोडेथोडे तेल ओतावे, ते खाली उतरू द्यावे आणि पुन्हा काडी पाहावी. एकदम ओतून वरच्या खुणेपलीकडे जाणे हाही दोषच आहे. ‘जास्त असले तर बरेच’ हा न्याय येथे लागू पडत नाही. पातळी फार वाढली की फिरणारा क्रँक तेलाला भिडतो आणि रवीने ताक घुसळावे तसे ते घुसळतो. तेलाचा फेस होतो. फेसात हवा असते, आणि हवा दाबली की आक्रसते, भार पेलीत नाही. म्हणजे तेल अधिक घालूनही फळ तेल कमी असल्याचेच.

कोणते तेल घालावे हे पुस्तिका सांगते. डब्यावर ‘१५ डब्ल्यू-४०’ असे काही लिहिलेले असते. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ पासून तेलांच्या दाटपणाची जी प्रतवारी लावली, तिच्यातील हे आकडे आहेत. ‘डब्ल्यू’ हे इंग्रजीत हिवाळ्याचे आद्याक्षर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतील प्रवाहीपणा दाखवितो आणि नंतरचा आकडा शंभर अंशांवरील दाटपणा.

काडी पातळीखेरीज आणखीही काही सांगते. डिझेल इंजिनात नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते. ते पाहून पुष्कळजण घाबरतात. वस्तुतः काजळी कोठे साचू न देता आपल्यात धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे; काळा रंग हा त्या कामाचा पुरावा होय. तेल बदलण्याची मुदत किलोमीटरांवरून आणि महिन्यांवरून ठरते, रंगावरून नव्हे. मात्र काडीवरचे तेल दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसू लागले, तर त्यात रेडिएटरचे पाणी मिसळल्याचा संशय धरावा आणि इंजीन सुरू न करता कारागिरास बोलवावे. बोटांवर चोळताना खर लागली तर धातूचा कीस आला असे समजावे.

पातळी वाढलेली दिसणे ही सर्वांत फसवी खूण. तेल आपोआप वाढत नाही. भर न घालता काडी वर गेली, तर त्यात पाणी तरी शिरले आहे किंवा डिझेल तरी. १ एप्रिल २०२० पासून भारतात नव्या गाड्यांना धुराचे कडक नियम लागू झाले. या नव्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडविणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळण्यासाठी मधूनमधून जादा डिझेल सोडले जाते. गाडी थोडे थोडे अंतर जाऊन वारंवार थांबत असेल तर ते जळणे अपुरे राहते आणि काही डिझेल चेंबरमध्ये उतरते. तेल पातळ होते, त्याचा पापुद्रा दुबळा पडतो. काडी मात्र भरलेले दाखविते. अशा काडीला डिझेलचा वास येतो.

हे सारे बदल एका दिवसाच्या पाहण्याने उमगत नाहीत. म्हणून जाणते चालक गाडीत एक लहानशी वही ठेवतात. तारीख, किलोमीटरचा आकडा, काडीवरील पातळी आणि घातलेले तेल, एवढी चार टिपणे पुरतात. हजार किलोमीटरांस पाव लिटर लागत असे आणि आता लिटरभर लागते, हे वहीवाचून ध्यानात येत नाही. तेल अचानक अधिक लागू लागले की दोनच वाटा संभवतात: ते गळत असेल किंवा जळत असेल. गळत असल्यास रात्री इंजिनाखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी डाग दिसतो आणि गळतीची जागाही समजते. जळत असल्यास मागच्या नळीतून निळसर धूर येतो.

वापरलेले तेल कातडीला अपायकारक असते, तेव्हा काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. बदललेले जुने तेल ओढ्यात ओतण्याची वाईट रीत काही ठिकाणी दिसते. या तालुक्यातील पावसाचे बरेच पाणी नार आणि पार या नद्यांवाटे पश्चिमेकडे समुद्रास मिळते. वाटेत तेच माणसे आणि गुरे पितात. कायद्यानेही असे तेल घातक कचऱ्यात गणले जाते. ते झाकणाच्या डब्यात साठवून गॅरेजमधील पिंपात जमा करावे. तेथून ते परवाना असलेल्या शुद्धीकरणाच्या कारखान्यात गेले, तर त्यातील पाणी, काजळी आणि कीस काढून त्यापासून पुन्हा वंगण तयार करता येते.